झोपेतून उठवणारा तो धडाम्: परतणाऱ्या अवकाशयानाच्या सोनिक बूमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१५ जुलै २०२५, मंगळवार. दुपारचे तीन वाजत आले होते आणि कोथरूडच्या आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते. अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांची कुपी (ते बसून आले ती कॅप्सूल) पॅसिफिक महासागरात उतरायला अवघी काही मिनिटं उरली होती. पडद्यावर पॅराशूट उघडलेले दिसले आणि तेवढ्यात सॅन दिएगोहून भाचीचा फोन आला. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. "आत्या, खिडक्या हादरल्या गं! केवढा मोठा आवाज झाला. बाळ दचकून उठलंय. भूकंप आहे का?" मी म्हटलं, "भूकंप नाही गं. शुभांशु परत आलाय."

मी एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्या दिवसापासून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मला हे प्रश्न सारखे विचारले जातात. नवल नाही, कारण इथे बहुतेक घरांतलं एक तरी मूल कॅलिफोर्निया नाहीतर फ्लोरिडात आहे. तिकडे रात्री आवाज झाला की इकडे पुण्यात आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी नीट लिहून ठेवावं, म्हणून हे पान.

हा आवाज नेमका कशाचा असतो? यानात काही फुटतं का?

काहीही फुटत नाही. यान धडधाकट असतं, आतली माणसं सुखरूप असतात, तरीही हा आवाज होतोच.

खडकवासल्याच्या बॅकवॉटरला काठावर कधी बसला असाल तर आठवून पाहा. मोटरबोट समोरून निघून जाते. पाणी क्षणभर शांतच दिसतं आणि मग बोटीच्या मागून पसरत आलेली लाट काठावर आदळते. तोवर बोट पुढे गेलेली असते. बोट पाण्यातल्या लाटांपेक्षा जोरात धावत असते, म्हणून लाटांना तिच्यापुढे पळता येत नाही; त्या एकमेकींवर साचून बोटीमागे इंग्रजी व्हीच्या आकारात पसरतात. हवेतही हेच होतं. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ताशी १,२३५ किलोमीटर वेगाने जातो. एखादी वस्तू त्याहून वेगाने निघाली की समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. हवा तिच्यापुढे दाबली जाते आणि दाबाची एक धारदार लाट शंकूसारखी मागे पसरते. ही शॉक वेव्ह जमिनीवर आपल्यापाशी पोचते तेव्हा ऐकू येतो तो सोनिक बूम.

त्याचं लहान रूप आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दारात पोतराज येतो, अंगाभोवती आसूड फिरवतो आणि 'कडाड्' असा आवाज निघतो. तो आसूड अंगावर बसल्याचा आवाज नसतो. नीट ओढलेल्या आसुडाचं टोक क्षणभर ध्वनीपेक्षा वेगाने जातं, त्याचा तो असतो. वर्गात सोनिक बूम शिकवताना मी पोतराजाचं उदाहरण द्यायचे, कारण तेवढ्याने मुलांना ते कायमचं समजायचं.

यान ध्वनीचा वेग ओलांडतं त्या क्षणी एकदाच हा आवाज होतो ना?

नाही. हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही फार पसरलेला आहे.

यान ध्वनीपेक्षा वेगाने जात असतं तोवर शंकू त्याच्या मागेच असतो आणि जमिनीवरून एखादी चादर ओढत न्यावी तसा तो पुढे सरकत राहतो. चादरीची कड ज्याच्या अंगणातून जाते त्याला तेव्हा आवाज येतो. लॉस एंजेलिसमधल्या माणसाला एका क्षणी, सॅन दिएगोतल्या माणसाला थोड्या वेळाने. प्रत्येकाला एकदाच, पण मार्गावरच्या सगळ्यांना. आणि यानात बसलेल्याला मात्र तो ऐकूच येत नाही, कारण लाट त्याच्या मागे असते.

चादरीची रुंदी उंचीवर अवलंबून असते. ढोबळ हिशेब असा की दर हजार फुटांना एक मैल. यान पन्नास हजार फुटांवर असेल तर जमिनीवर साधारण ८० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात आवाज पोचतो. पट्ट्याच्या मधोमध तो सगळ्यात जोरात असतो आणि कडेकडेला विरत जातो.

कक्षेत असताना यान सर्वांत वेगात असतं. मग आवाज उतरतानाच का येतो?

कारण कक्षेत हवाच नाही. अंतराळ स्थानकाच्या उंचीवर यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरत असतं, पण ढकलायला समोर हवा नसेल तर लाट कशाची होणार? वातावरणात शिरल्यावर हवा लागते. यानापुढची हवा इतकी दाबली जाते की शुभांशु आले त्या ड्रॅगनसारख्या कुपीचं बाहेरचं आवरण सुमारे १,९०० अंशांपर्यंत तापतं. शॉक वेव्ह तेव्हाही असते, पण ती उंचावरच्या विरळ हवेत असते आणि खाली येईतो क्षीण होते. यान खाली दाट हवेत येऊ लागतं, पण अजून ध्वनीपेक्षा वेगात असतं, त्या टप्प्यातली लाट आपल्या खिडकीपर्यंत दमदारपणे पोचते. त्यानंतर वेग ध्वनीच्या खाली येतो आणि मग, साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवर, पहिले छोटे पॅराशूट उघडतात. म्हणजे पॅराशूट दिसायच्या आधीच आवाज जन्मलेला असतो. फक्त तो पोचायला वेळ लागतो. भाचीचा फोन आणि टीव्हीवरचे पॅराशूट एकाच वेळी कसे, याचं उत्तर यातच आहे.

कुणी म्हणतं एकच धडाम्, कुणी म्हणतं दोन. खरं काय?

दोघंही खरं सांगतात. शॉक वेव्ह वस्तूच्या पुढच्या टोकापाशी एक आणि मागच्या टोकापाशी एक अशा दोन असतात. वस्तू लांब असेल तर दोन्हींत अंतर पडतं. स्पेस शटल ३७ मीटर लांब होतं. त्याचे दोन ठोके साधारण अर्ध्या सेकंदाच्या अंतराने स्पष्ट ऐकू यायचे. ती शटलच्या येण्याची खूणच झाली होती. लढाऊ विमानाचे दोन ठोके दशांश सेकंदात उरकतात आणि कानाला बहुधा एकच वाटतात. ड्रॅगनची कुपी तर जेमतेम साडेचार मीटरची.

स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा परत येऊन उभा उतरतो, तेव्हा पुष्कळदा तीन ठोके ऐकू येतात. त्याची इंजिनं, घडी घातलेले पाय आणि वरच्या जाळीदार पंखांमुळे वेगवेगळ्या लाटा तयार होतात, असं स्पष्टीकरण कंपनीने दिलं होतं. तुमची मुलं सांता बार्बरा किंवा व्हेंटुराच्या बाजूला असतील तर त्यांना उठवणारं यान नसून बहुतेक वेळा व्हँडेनबर्ग तळावरून उडालेलं हे रॉकेटच असतं.

एवढ्या गाढ झोपेतून जाग का येते? ट्रक गेले तरी आम्ही उठत नाही.

ट्रकचा आवाज वाढत वाढत येतो. सोनिक बूममध्ये हवेचा दाब काही सहस्रांश सेकंदात उसळतो. आपला मेंदू झोपेतही अचानकपणाची दखल घेतो. आवाज किती मोठा यापेक्षा तो किती एकाएकी आला यावर दचकणं ठरतं. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

दाबातला फरक किती, हे कळलं तर आश्चर्य वाटेल. शटलचा बूम जमिनीवर सुमारे ६० पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) असायचा. तुम्ही इमारतीचा एक जिना उतरलात की हवेचा दाब ३५ पास्कलने वाढतो. म्हणजे हा दोन मजले उतरण्याइतकाही फरक नाही. पण जिना उतरायला अर्धा मिनिट लागतो, आणि इथे तो डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो.

दुसरं कारण घराचं. या आवाजात खर्जाचा भाग फार असतो आणि खर्ज भिंतींना अडत नाही. तो तावदानं हलवतो, दारं चौकटीत खडखडवतो, कपाटातली भांडी वाजवतो. पुष्कळांना जाग येते ती या खडखडाटाने. मूळ आवाज त्यांनी जागेपणी ऐकलेलाच नसतो. म्हणून तर "काय झालं" ते सांगता येत नाही आणि भीती वाढते.

मग तो भूकंप नव्हता, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न पुण्याच्या माणसाने विचारावा हे मी समजू शकते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. चार वाजून एकवीस मिनिटांनी आई आम्हाला ओढत अंगणात घेऊन गेली होती. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं, तेही पहाटे चारच्या सुमारास, विसर्जनाच्या रात्री. आपल्या पिढीच्या मनात पहाटेचा धक्का म्हणजे भूकंप हे पक्कं बसलंय.

फरक असा. भूकंपात हलणं पायाखालून येतं आणि टिकतं. पलंग सरकतो, पंखा आणि टांगलेला दिवा नंतरही झुलत राहतो. सोनिक बूममध्ये हादरा हवेतून येतो. खिडक्या वाजतात, जमीन स्थिर राहते, सगळं सेकंदभरात संपतं. पंख्याकडे बघा. तो झुलत नसेल तर बहुतेक भूकंप नाही. पुन्हा, भूकंपाचा गडगडाट लांबतो, याचा ठोका तुटक असतो.

आपल्याकडे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदलेले भूकंप वेळेसह मिळतात. तिकडे अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचं पान आहे. तुमच्या वेळेला तिथे काही नसेल तर कारण वर आकाशात शोधायचं.

यात एक गंमत आहे, जी मला फार आवडते. सोनिक बूम भूकंपमापकांवरही उमटतो. १३ ऑगस्ट १९८९ ला कोलंबिया हे शटल लॉस एंजेलिसवरून एडवर्ड्स तळाकडे उतरलं. त्याची नोंद दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपमापकांवर झाली. भूकंपशास्त्रज्ञ हिरू कानामोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली तेव्हा दिसलं की पॅसाडेनाच्या यंत्राला शॉक वेव्ह पोचायच्या सुमारे १२ सेकंद आधीच जमिनीतून एक लहान लाट मिळाली होती. ती आली कुठून? लाटेने शहराच्या मध्यभागातल्या उंच इमारतींना धक्का दिला, इमारती किंचित हलल्या, त्यांनी जमिनीला हलवलं, आणि जमिनीतून ध्वनी हवेपेक्षा कितीतरी वेगाने जात असल्याने ती थरथर पुढे पोचली. तेव्हा "मला आधी जमीन हलल्यासारखी वाटली" असं कुणी म्हणालं तर त्याला खोटं पाडू नका.

काचा फुटतात का? आमचा वाडा शंभर वर्षांचा आहे.

परत येणाऱ्या यानाच्या नेहमीच्या बूमने धडधाकट घराचं काही बिघडत नाही. नासाच्या माहितीनुसार सुमारे १०० पास्कलच्या पुढे क्वचित किरकोळ नुकसान दिसू लागतं आणि चांगल्या बांधणीच्या इमारतीने ५०० पास्कलपर्यंत टिकायला हवं. ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाचा बूम ९० पास्कलच्या आसपास होता, शटलचा त्याहून कमी.

पण "चांगल्या बांधणीची" हा शब्द महत्त्वाचा. सदाशिव किंवा शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यात लांबी निघालेली तावदानं असतात, फुगलेला गिलावा असतो, सैल कौलं असतात. जे आधीच पडायच्या बेतात आहे ते कुठल्याही हादऱ्याने पडेल, मग तो बूमचा असो, ढोलपथकाचा असो की शेजारच्या प्लॉटवरच्या ब्रेकरचा. वाड्यात राहणाऱ्यांनी पलंगाच्या वरच्या भिंतीवर जड तसबीर लावू नये, एवढं मात्र मी कुठल्याही कारणाने सांगेन.

बाळाच्या कानाला इजा होते का? आजोबांचं हृदय कमकुवत आहे.

कानाच्या पडद्याला इजा व्हायला सुमारे ३४,००० पास्कल लागतात. घरात पोचणारा बूम त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बाळ दचकतं ते सगळ्या मोठ्या आवाजांना दचकतं तसंच. जवळ घ्या, थोपटा.

वडीलधाऱ्या माणसांना आवाजापेक्षा नंतरच्या घबराटीचा त्रास होतो. झटकन उठून अंधारात धावू देऊ नका. पलंगावरच बसवा, दिवा लावा, पाणी द्या. छातीत दुखणं, धाप, घाम असं काही असेल तर बूमचा विचार सोडा आणि डॉक्टर गाठा.

आकाशात लखलखाट दिसला आणि आवाज अजून आला नाही. खिडकीत जाऊन पाहावं का?

नाही. हे उत्तर या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं आहे.

१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर व्यासाचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरून फुटला. सूर्यापेक्षा प्रखर उजेड पडला. लोक कामं टाकून खिडक्यांपाशी आले. उजेडानंतर दोन-एक मिनिटांनी शॉक वेव्ह पोचली आणि काचा फुटून आत आल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. प्रकाश क्षणात येतो, ध्वनीला वीस किलोमीटर यायला मिनिटभर लागतं. त्या मधल्या वेळात माणसं खिडकीत उभी होती.

परतणाऱ्या कुपीत तेवढी ऊर्जा नसते, तिची रेघ खुशाल गच्चीवरून पाहा. पण कारण माहीत नसलेला, सावल्या पाडणारा उजेड दिसला तर काचेपासून दूर व्हा, भिंतीला टेकून खाली बसा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मुलांना हे शिकवा. बुलढाण्यातलं लोणार सरोवर हे अशाच, पण कितीतरी मोठ्या आघाताने झालेलं आहे, हे त्यांना सांगितलंत तर ती लक्षात ठेवतील.

पुण्यात अधूनमधून मोठा आवाज होतो, तो सोनिक बूम असतो का?

बहुतेक वेळा नाही. लोहगावहून सुखोई उडतात तेव्हा विमाननगर, धानोरी, वडगाव शेरीत बोलणं थांबवावं लागतं, पण ती इंजिनाची गर्जना असते. ती वाढते, टिकते, विरते. उड्डाणाच्या वेळी विमान ध्वनीच्या वेगाच्या जवळपासही नसतं. वाघोली-मोशीकडच्या खाणींतले सुरुंग, कुठलीतरी डीपी उडणं, लग्नाच्या वरातीतले सुतळी बॉम्ब, वळवाच्या पावसातली वीज या सगळ्यांचा नंबर आधी लागतो. वीज म्हणजेसुद्धा शॉक वेव्हच. एका क्षणात तापून फुगलेल्या हवेची.

तरी आपल्या देशात हे कधी झालंच नाही असं नाही. २० मे २०२० ला दुपारी बंगळुरूत असा आवाज झाला की टाळेबंदीत घरी बसलेलं अख्खं शहर हादरलं. भूकंपमापकांवर काही नव्हतं. संध्याकाळी संरक्षण खात्याने सांगितलं की हवाई दलाच्या विमानाची नेहमीची चाचणी होती, ती शहराबाहेर झाली, आणि ३६ ते ४० हजार फुटांवर विमान स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त, वेगावरून खाली येतानाचा तो बूम असावा. ६५ ते ८० किलोमीटरवरूनही असा आवाज ऐकू येतो, हेही त्यांनी सांगितलं. 

आवाज झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ग्रुपवर "अमुक ठिकाणी स्फोट" असा मेसेज येतो. कृपा करून तो पुढे पाठवू नका. गॅसचा वास येतो का पाहा, बाहेर धूर आहे का पाहा. असेल तर ११२ ला फोन करा. नसेल तर थांबा. त्या खोट्या मेसेजमुळे कुणाची तरी म्हातारी आई रात्रभर जागी राहते, हे मी पाहिलेलं आहे.

२०२२ च्या पाडव्याला महाराष्ट्रभर दिसलेला तो जळता पट्टा काय होता?

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी दिसलेली ती रेघ म्हणजे चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा वापरून झालेला टप्पा होता, असं अभ्यासकांचं मत पडलं. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, धातूचं एक भलंमोठं कडं पडलं. ते परतणारं यान नव्हतं; ते ताबा नसलेल्या अवशेषांचं वातावरणात शिरणं होतं. या दोन गोष्टींत मी नेहमी फरक करते. यान कुठे, केव्हा उतरणार ते आधी ठरलेलं असतं.

मग ते रात्री-बेरात्रीच का उतरवतात?

यानाची कक्षा, उतरायच्या जागेवरचा वारा आणि लाटा, स्थानकावरून सुटण्याची वेळ यांचा मेळ बसेल तेव्हा उतरवतात. शुभांशु यांची कुपी १४ जुलैला आपल्या वेळेने दुपारी पावणेपाचच्या सुमारास स्थानकापासून सुटली आणि दुसऱ्या दिवशी ३ वाजून १ मिनिटाने पाण्यात उतरली. तिथे तेव्हा २ वाजून ३१ मिनिटं झाली होती. अमेरिकेच्या स्पेस फोर्सचं माणसाविना उडणारं एक्स-३७बी यान १२ नोव्हेंबर २०२२ ला पहाटे सव्वापाचनंतर फ्लोरिडात उतरलं, तेव्हा तिथेही पुष्कळ लोक अंथरुणातून उठून बसले होते.

पूर्वी ड्रॅगन फ्लोरिडाच्या बाजूला उतरायचं. सुनीता विल्यम्स मार्च २०२५ मध्ये तिथेच उतरल्या. त्यानंतर जागा बदलून कॅलिफोर्नियाचा किनारा आला. यानाच्या मागच्या भागाचे न जळलेले तुकडे आधीच्या मोहिमांत लोकांच्या शेतात सापडले होते. आता तो भाग पॅसिफिकमध्ये पडावा अशी व्यवस्था आहे. म्हणून आता फोन सॅन दिएगो-लॉस एंजेलिसहून येतात.

उतरण्याच्या वेळा आधी जाहीर होतात. मुलांना एवढंच सांगा की अशी तारीख असेल तेव्हा आदल्या रात्री बघून ठेवा.

लोकांची झोपमोड करायला बंदी नाही का?

विमानांवर ती घातली गेली. १९६४ मध्ये अमेरिकेने ओक्लाहोमा सिटीवर फेब्रुवारी ते जुलै रोज आठ या हिशेबाने १,२५३ बूम मुद्दाम केले, लोक किती सहन करतात ते पाहण्यासाठी. शेवटी एक चतुर्थांशाहून जास्त लोक म्हणाले, आम्हाला हे कधीच चालणार नाही. १९७३ मध्ये तिथे जमिनीवरून स्वनातीत प्रवासी उड्डाणं बंद झाली. जून २०२५ मध्ये ती बंदी मागे घेण्याचे निर्देश निघाले. भारतानेही काँकॉर्डला आपल्या हद्दीत ध्वनीपेक्षा वेगाने उडू दिलं नाही, आणि लंडन-सिंगापूर सेवा १९८० मध्ये बंद पडण्याच्या कारणांपैकी ते एक होतं. नासाचं लांब चोचीचं एक्स-५९ विमान २८ ऑक्टोबर २०२५ ला पहिल्यांदा उडालं. धडाम्-ऐवजी मोटारीचं दार लावल्यासारखा हलका आवाज व्हावा, हा त्याचा उद्देश.

माझं मत विचाराल तर रोजचे आठ बूम कुणावर लादणं अन्यायाचं आहे. वर्षातून चार-दोनदा माणसं घरी येत असतील, तर त्यासाठी मी उठून बसेन. पण व्हँडेनबर्गच्या आसपास राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे रॉकेटं सारखी उडतात आणि त्यांची तक्रार ऐकली गेली पाहिजे.

आवाज आलाच नाही, तर?

१ फेब्रुवारी २००३. शनिवारची संध्याकाळ होती आपल्याकडे. कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती कोलंबियातून परत येत होते. तेच कोलंबिया, ज्याची नोंद १९८९ मध्ये भूकंपमापकांवर झाली होती. केनेडी केंद्राच्या धावपट्टीपाशी घरची माणसं उभी होती. उतरण्याच्या काही मिनिटं आधी ते दोन ठोके ऐकू यायला हवे होते. ते आले नाहीत. उतरण्याच्या सोळा मिनिटं आधी, टेक्सासवर, यान तुटलं होतं. पूर्व टेक्सासच्या लोकांनी एक लांबलचक, न संपणारा गडगडाट ऐकला, दोन स्वच्छ ठोके नव्हे.

त्या दिवसानंतर मी वर्गात कधीही सोनिक बूमला 'त्रासदायक आवाज' म्हटलं नाही.

गगनयान परत येईल तेव्हा पुण्यात ऐकू येईल का?

गगनयानची कुपी समुद्रात उतरणार आहे, तेव्हा आवाज ऐकण्याचा पहिला मान नौदलाच्या जहाजांवरच्या लोकांचा. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीतली कुपीही नौदलानेच बंगालच्या उपसागरातून उचलली होती. इस्रोचं पंख असलेलं पुष्पक चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर २०२३ आणि २०२४ मध्ये तीनदा उतरलं, पण ते हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटरवरून सोडलं होतं. वेग ध्वनीच्या खालीच होता, त्यामुळे बूम नाही. असं यान पुढे कक्षेतून येऊन धावपट्टीवर उतरेल, तेव्हा मार्गातल्या गावांना ते ठोके ऐकू येतील.

पुण्याचा वाटा दुसरीकडे आहे. राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला दोघंही आपल्या एनडीएत, खडकवासल्याच्या काठी शिकले. बोट गेल्यावर काठावर येणारी लाट त्यांनी विद्यार्थी असताना पीकॉक बेला रोज पाहिली असणार.

तुम्ही स्वतः हा आवाज ऐकलाय का?

समोरासमोर नाही. मोबाइलवर मिळणाऱ्या चित्रफितींत तो नीट येतही नाही, कारण छोट्या माइकला खर्ज पकडता येत नाही. पण भाचीच्या घरी बाळाच्या पाळण्यावर कॅमेरा लावलेला आहे. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग तिने मला पाठवलं. आधी नुसती बाळाच्या श्वासाची घरघर. मग 'ठप्' असा दबका आवाज, त्यापाठोपाठ खिडकी खडखडते, बाळ दोन्ही हात वर फेकतं आणि एक सेकंद थांबून रडू लागतं. दार उघडतं, दिवा लागतो, आणि भाचीचा आवाज येतो: "काही नाही रे राजा, काही नाही." तेव्हा तिला अजून कारण माहीत नव्हतं.